ऑफिसचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

ऑफिसच्या चार भिंतींत चालणारं, कंपनीच्या स्वतःच्या ताब्यातलं मोबाईल नेटवर्क उभारायला आता फार मोठा पसारा लागत नाही. छताला लावलेली दोन-चार लहान बेस स्टेशनं (फोनशी लहरींनी बोलणारी यंत्रं), रॅकमध्ये एक सर्व्हर आणि कंपनीने स्वतः वाटलेली सिम कार्डं एवढं सामान पुरतं. फोन नेहमीचेच. अशा बेस स्टेशनची ताकद साधारण १०० ते २५० मिलिवॉट असते, म्हणजे वाय-फायच्या राउटरच्या आसपास. रस्त्यावरचा टॉवर वीस-चाळीस वॉट किंवा त्याहूनही जास्त सोडतो.

हे काम ज्याच्या गळ्यात नव्याने पडलं आहे त्याच्यासाठी हा लेख आहे, मग तो आयटी सांभाळणारा असो की ऑफिसची व्यवस्था बघणारा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. खोलीच्या मधोमध कुठलंही नेटवर्क चालतं. कस लागतो तो दाराशी: फोन बाहेरून आत येतो तेव्हा, बोलता बोलता माणूस बाहेर पडतो तेव्हा, लिफ्टचं दार बंद होतं तेव्हा, आणि कुणा परक्याचा फोन आत येतो तेव्हा. वेळ आणि पैसा बहुतेक ठिकाणी मधल्या खोलीवर खर्च होतो. तुम्ही तो दाराशी खर्च करा.

आधी हे बघा: खरंच गरज आहे का?

"आत रेंज येत नाही" एवढीच तक्रार असेल तर स्वतःचं नेटवर्क हा लांबचा रस्ता आहे. फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करून बघा. ते जमत नसेल तर मोबाईल कंपनीकडून इमारतीच्या आत त्यांचंच लहान बेस स्टेशन किंवा अँटेनांचं जाळं बसवून घ्या. बाजारात मिळणारा बूस्टर मात्र स्वतःच्या मनाने लावू नका. तो मोबाईल कंपनीच्याच लहरी पुन्हा सोडतो, नीट जुळवलेला नसेल तर जवळच्या टॉवरचा गोंगाट वाढवतो आणि बहुतेक देशांत परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे.

स्वतःचं नेटवर्क शोभतं ते वेगळ्या गरजांना. आतल्या आत एक्सटेन्शनसारखे कॉल हवेत, पण लोक टेबलाशी बसणारे नाहीत. गोदाम, प्रयोगशाळा, तळमजला, छापखाना अशा जागी वाय-फाय एका अॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना अडखळतं आणि ते चालण्यासारखं नाही. किंवा डेटा इमारतीबाहेर जाऊच द्यायचा नाही. यांपैकी एखादी गरज खरी असेल तर पुढे वाचा.

परवाना: इथे घाई नको

मोबाईलच्या लहरी या सरकारच्या ताब्यातल्या असतात. ताकद कमी आहे म्हणून परवाना लागत नाही, असं समजून कुणी बेस स्टेशन चालू केलं तर तो गुन्हा ठरू शकतो. देशागणिक वाट वेगळी आहे, आणि ती बघितली की "कमी ताकद" या अटीमागचा विचारही कळतो.

ब्रिटनमध्ये १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल पट्ट्याच्या टोकाला, बिनतारी लँडलाइन फोनांच्या पट्ट्याला लागून, ३.३ मेगाहर्ट्झची एक जोडपट्टी (एक बोलायला, एक ऐकायला) मोकळी सोडलेली होती. दोघांनी एकमेकांना त्रास देऊ नये म्हणून ठेवलेली ती फट होती. २००६ मध्ये तिथल्या ऑफकॉम या नियामकाने ती लिलावात काढली आणि एकाच पट्टीचे परवाने बारा कंपन्यांना दिले. बारा जणांना एकच पट्टी देता आली ती ताकद कमी ठेवण्याच्या अटीमुळेच. लहरी भिंतीबाहेर फारशा जातच नाहीत, मग शेजारच्या इमारतीत दुसऱ्याने तीच पट्टी वापरली तरी बिघडत नाही. २०१९ पासून ऑफकॉम ही पट्टी आणि ३.८ ते ४.२ गिगाहर्ट्झचा पट्टा जागेपुरत्या परवान्यावर देतं. कमी ताकदीचा परवाना पन्नास मीटर त्रिज्येच्या वर्तुळापुरता असतो. त्या वर्तुळात बेस स्टेशनं कितीही आणि कुठेही लावा.

जर्मनीत ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झ हा पट्टा कंपन्यांना त्यांच्या आवारापुरता मिळतो. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तिथे अर्ज घेतले जातात. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा नौदलाच्या रडारसोबत वाटून घ्यायचा असतो. बेस स्टेशन इंटरनेटवरून एका नोंदणी यंत्रणेला विचारतं आणि तिने होकार दिला तरच लहरी सोडतं. भारतात दूरसंचार विभागाने २०२२ च्या जूनमध्ये खासगी आवारातल्या नेटवर्कसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मोबाईल कंपनीकडून नेटवर्क उभारून घेणं, तिच्याच नेटवर्कचा वेगळा काढलेला हिस्सा वापरणं, तिच्याकडून लहरी भाड्याने घेणं अशा वाटा आहेत. नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी नियामकाचं ताजं पत्रकच समोर ठेवा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. परवाना कंपनीच्या नावावर येणार की विक्रेत्याच्या, हेही लेखी घ्या.

पट्टा ठरला की आधी फोन तपासा, बेस स्टेशन नंतर. १८०० मेगाहर्ट्झ म्हणजे फोनच्या भाषेत बँड ३, आणि तो जवळपास प्रत्येक फोनमध्ये असतो. ३.३ ते ४.२ गिगाहर्ट्झचे पट्टे फाइव्हजीच्या बऱ्याच नव्या फोनांत असतात, पण सगळ्यांत नाही. शिवाय काही फोन फक्त ओळखीच्या मोबाईल कंपन्यांसाठीच स्वतंत्र (फोरजीच्या आधाराशिवाय चालणारं) फाइव्हजी चालू करतात आणि तुमचं सिम घातलं की मुकाट बसतात. ऑफिसात जे पाच-सहा मॉडेल जास्त वापरात आहेत त्यांचा एकेक फोन विक्रेत्याच्या हातात द्या आणि "यावर चालवून दाखवा" म्हणा. खरेदीचा निर्णय त्यानंतर.

इमारत मोजा

नकाशावर गोल काढून बेस स्टेशनं मांडू नका. एकदा तरी हिशोब कागदावर करा, म्हणजे आकड्यांची भीती जाते.

१०० मिलिवॉट म्हणजे २० डीबीएम (ताकद डेसिबलमध्ये मोजायची पट्टी, तिच्यावर एक मिलिवॉट म्हणजे शून्य). १८०० मेगाहर्ट्झवर मोकळ्या जागेत वीस मीटर गेल्यावर साधारण ६४ डेसिबल कमी होतात. उरले उणे ४४. फोन मात्र रेंज मोजताना अख्खी ताकद मोजत नाही. २० मेगाहर्ट्झच्या एलटीई (म्हणजे फोरजी) नेटवर्कमध्ये १२०० उपवाहक लहरी असतात आणि फोन त्यांतल्या एकीची ताकद सांगतो. म्हणून आणखी ३१ वजा करा: उणे ७५. मध्ये विटांच्या दोन भिंती आल्या, प्रत्येकी आठ-दहा डेसिबल धरा, तर उणे ९१-९५. अजून काम नीट चालेल. आता त्याच रेषेत लिफ्टचं पोलादी दार घाला, तीसेक डेसिबल गेले, आणि आकडा उणे १२० च्या पलीकडे. तिथे कॉल तुटणार. ३.६ गिगाहर्ट्झचा पट्टा असेल तर पहिल्याच पायरीला सहा डेसिबल जास्त जातात आणि भिंतीही जास्त खातात.

काचेकडे खास लक्ष द्या. उन्हाचा ताप अडवायला जिच्यावर धातूचा पातळ थर असतो ती काच लहरीही अडवते, वीस-तीस डेसिबल सहज. ऑफिसात बाहेरची रेंज नसण्याचं कारण बऱ्याचदा हीच काच असते. स्वतःच्या नेटवर्कला मात्र ती मदतच करते, कारण तुमच्या लहरी रस्त्यावर सांडत नाहीत.

मोजायला महागडं यंत्र नसलं तरी सुरुवात होते. अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की नेटवर्कची आतली माहिती उघडते (काही अँड्रॉइड फोनांत हा कोड बंद केलेला असतो, तिथे मोजणीचं अॅप वापरा). आरएसआरपी नावाचा आकडा (वर सांगितलेली एका उपवाहक लहरीची ताकद) बघत पूर्ण मजला चाला. उणे ९५ पर्यंत निश्चिंत, उणे ११० च्या खाली धोका, असा ढोबळ नियम ठेवा. आकडे मजल्याच्या नकाशावर पेन्सिलीने लिहा. टेबलांच्या रांगेत चार नोंदी पुरतात. पण जिना, लिफ्ट, स्वच्छतागृह, मुख्य दार, मागचं दार, पार्किंगकडे उतरणारा उतार इथे प्रत्येक दोन पावलांवर एक नोंद करा. दार बंद करूनही मोजा आणि लोक भरलेले असतानाही मोजा.

बेस स्टेशन लावताना

पहिला मोह ताकद वाढवण्याचा होतो. तो आवरा. बेस स्टेशन कितीही ओरडलं तरी फोनला उलट उत्तर द्यायचं असतं आणि एलटीई फोनची कमाल ताकद २०० मिलिवॉट असते. ताकद वाढवली की फोनवर रेंज भरलेली दिसते, पण समोरच्याला आपला आवाज तुटक जातो. ही तक्रार शोधायला फार वेळ जातो. शिवाय वाढवलेली ताकद शेजारच्या मजल्यावर आणि रस्त्यावर जाते, आणि परवान्याची मर्यादा मोडते ती वेगळीच. अंधारी जागा राहिली तर तिथे आणखी एक लहान बेस स्टेशन लावा.

कमी ताकदीचा एक फायदा लोकांना सांगावा असा आहे. दूरच्या टॉवरशी बोलताना फोन पूर्ण ताकद लावतो, म्हणून कमी रेंजच्या ऑफिसात दुपारपर्यंत बॅटरी उतरते आणि फोन गरम होतो. बेस स्टेशन डोक्यावरच असलं की तोच फोन बऱ्याचदा एका मिलिवॉटपेक्षाही कमी ताकदीत बोलतो. छतावरचं यंत्र बघून "लहरींचा त्रास होईल का" असं कुणी विचारलं तर हे उत्तर द्या. कानाला लागलेल्या फोनची ताकद इथे वाढत नाही, कमी होते.

वीज आणि डेटा एकाच नेटवर्क केबलवरून जातात. बहुतेक यंत्रांना पीओई प्लस लागतं, म्हणजे स्विचच्या एका पोर्टला ३० वॉट. जुन्या स्विचवर १५.४ वॉटच मिळतात. यंत्र चालू होतं, मग भार वाढला की बंद पडतं. स्विचची एकूण क्षमताही बघा. स्विच, सर्व्हर आणि इंटरनेटचं राउटर तिन्ही यूपीएसवर हवीत. यांतलं एक विसरलं तरी वीज गेल्यावर काम अडतं.

एक गोष्ट वायफायवाल्यांना नवीन असते: अचूक वेळ. ज्या पट्ट्यांत बोलणं आणि ऐकणं एकाच लहरीवर आळीपाळीने होतं (३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे असेच आहेत) तिथे सगळ्या बेस स्टेशनांचं घड्याळ मायक्रोसेकंदाच्या हिशोबात जुळावं लागतं. नाहीतर एक बोलत असताना दुसरं ऐकायला बसतं आणि दोघांचं काम बिघडतं. वेळ जीपीएसवरून घेतात, पण छताखाली जीपीएस पोचत नाही. म्हणून खिडकीशी किंवा गच्चीवर एक छोटी अँटेना लावून तिची केबल आत आणावी लागते, किंवा एका घड्याळावरून नेटवर्क केबलमार्फत सगळ्यांना वेळ द्यावी लागते, आणि मग मधले स्विच त्या कामाचे असावे लागतात. हे वायरिंग फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी ठरवा.

नेटवर्कचा क्रमांक आणि सिम

प्रत्येक मोबाईल नेटवर्कला पाच किंवा सहा आकडी ओळख असते: पहिले तीन आकडे देशाचे, पुढचे दोन-तीन नेटवर्कचे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने खासगी नेटवर्कांसाठी ९९९ हा "देश" राखून ठेवला आहे. काही देशांत नियामक वेगळा क्रमांक देतो, तो असेल तर तोच घ्या. ९९९ वापरत असाल तर पुढचे आकडे विक्रेत्याने कारखान्यातून घालून दिलेले तसेच ठेवू नका. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या कंपनीनेही तेच ठेवलेले असतील, तर दोघांचे फोन एकमेकांची दारं ठोठावत बसतील. कुणीही कुणाच्या नेटवर्कमध्ये शिरणार नाही, कारण गुप्त किल्ली जुळत नाही, पण विनाकारण नकार मात्र झेलावे लागतील.

ती गुप्त किल्ली १२८ बिटांची असते. ती सिममध्ये आणि नेटवर्कच्या सर्व्हरमध्ये, अशा दोनच जागी असते आणि कधीही हवेतून जात नाही. सिम पुरवणारा या किल्ल्यांची यादी एका फाइलमध्ये देतो. ती फाइल ई-मेलवर फिरवू नका, सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नका. सर्व्हरमध्ये भरली की मूळ प्रत कूटबद्ध करून कुलपात. ही यादी ज्याच्या हाती लागेल त्याला तुमच्या कोणत्याही सिमची हुबेहूब नक्कल करता येईल.

वेगळी एक नोंदवही मात्र सोपी आणि उघडी ठेवा: सिमवर छापलेला लांब क्रमांक, कुणाला दिलं, कोणतं एक्सटेन्शन, कधी परत आलं. टूजीचं स्वतःचं नेटवर्क टाकायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. टूजीत नेटवर्क फोनची ओळख तपासतं, फोन नेटवर्कची तपासत नाही. थ्रीजीपासून पुढे दोघंही एकमेकांची तपासतात.

फोनमध्ये दोन सिम हा नव्या माणसासाठी सर्वात सरळ मार्ग: एक ऑफिसचं, एक माणसाचं नेहमीचं. ऑफिसचं ई-सिम असेल तर आणखी बरं, हरवत नाही आणि दुसऱ्याच्या फोनमध्ये घालता येत नाही. मोबाईल डेटा कोणत्या सिमवर ठेवायचा आणि कॉलसाठी पहिली पसंती कुठली, हे प्रत्येकाच्या फोनमध्ये बसून लावून द्या. नुसतं माहितीपत्रक पाठवून हे काम होत नाही.

कॉल लागणार कसा

फोरजी आणि फाइव्हजीमध्ये आवाजासाठी वेगळी वाट नाही, आवाजही डेटाच्या रूपातच जातो. मोबाईल कंपनीच्या नेटवर्कवर व्होल्टे (फोरजीवरून लागणारा नेहमीचा कॉल) आपोआप चालतं, म्हणून इथेही चालेल असं वाटतं. पण व्होल्टेला नेटवर्कच्या बाजूने आयएमएस नावाची वेगळी यंत्रणा लागते, आणि फोनच्या बाजूने त्या नेटवर्कची ओळख. फोन बनवणारे कंपनीनिहाय सेटिंग आधीच भरून ठेवतात आणि तुमचं नेटवर्क त्या यादीत नसतं. मग डेटा झकास चालतो आणि कॉलचं बटण दाबलं की काहीच होत नाही.

म्हणून सुरुवात अॅपने करा. ऑफिसच्या टेलिफोन एक्सचेंजशी जोडणारं एसआयपी (डेटावरून कॉल लावायची पद्धत) अॅप फोनमध्ये टाका, कॉल खासगी नेटवर्कच्या डेटावरून जातो. अॅप झोपी जाऊ नये म्हणून फोनच्या बॅटरी बचतीतून त्याला वगळा. येणारे कॉल वाजत नाहीत ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. अॅपवर महिनाभर नीट चाललं की मग व्होल्टेच्या मागे लागा.

किती जण एका वेळी बोलतील याचा अंदाजही घ्या. जुन्या जीएसएममध्ये एका वाहक लहरीचे आठ भाग, एक नियंत्रणाला गेला की सात कॉल. शंभरात दोन कॉलना "मार्ग व्यस्त" चालेल असं धरलं तर सात वाटांवर सरासरी तीनच कॉल सतत चालू ठेवता येतात. वाटा दुप्पट करून चौदा केल्या की मात्र आठ कॉल बसतात, म्हणजे अडीचपटीहून जास्त. लहान लहान तुकड्यांपेक्षा एकत्र क्षमता जास्त कामाला येते हे तत्त्व आजही तेच आहे. फोरजीत आवाजाची जागा कमी पडत नाही, पण यंत्राचा परवाना १६, ३२ किंवा ६४ जोडलेल्या फोनांपुरता असू शकतो. माहितीपत्रकातला तो आकडा शोधा. सगळे एकाच सभागृहात जमतात त्या दिवशी तोच आडवा येतो.

दार

आता मुख्य काम. स्वतंत्र खासगी नेटवर्क आणि बाहेरची मोबाईल कंपनी यांच्यात चालू कॉल एकाकडून दुसरीकडे सोपवला जात नाही. कंपनीशी खास करार असल्याशिवाय तो दारात तुटणारच. हे लपवू नका, वापरणाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगा, आणि त्रास कमी होईल अशी व्यवस्था करा.

पहिली व्यवस्था रेंज वेळेवर सोडण्याची. फोनला बेस स्टेशन सांगतं की रेंज किती खाली गेली की मला सोड. कारखान्यातून आलेला आकडा बऱ्याचदा फारच खाली, उणे १२० च्या पलीकडे असतो. त्यामुळे फोन फाटकाबाहेर गेला तरी तुटक्या धाग्याला लटकत राहतो: ऑफिसच्या सिमवर एक काडी दिसते, पण काही चालत नाही. तो आकडा उणे ११० च्या आसपास आणा आणि दारातून चालत जाऊन बघा. बाहेर पडल्यावर दहा-पंधरा पावलांत फोनने ऑफिसचं नेटवर्क सोडायला हवं.

दुसरी व्यवस्था एक्सचेंजमध्ये. प्रत्येक एक्सटेन्शनच्या मागे माणसाचा बाहेरचा नंबर जोडून ठेवा. अॅप एक्सचेंजशी जोडलेलं नसेल तर कॉल थेट बाहेरच्या नंबरवर जाईल. फोन नुकताच बाहेर गेला आहे आणि एक्सचेंजला अजून कळलेलं नाही, तो मधला वेळ पकडायला आठ-दहा सेकंद वाजून उत्तर नाही आलं तरीही पुढे पाठवा. दारातून बाहेर पडता पडता आलेला कॉल बहुतेक हरवतो तो याच मधल्या वेळात.

ज्यांनी मोबाईल कंपनीशी करार करून एकच सिम आत-बाहेर चालवलं आहे त्यांची तक्रार उलटी असते: "जेवायला बाहेर गेलो, परत आलो, फोन आतल्या नेटवर्कवर येतच नाही." बाहेरच्या नेटवर्कवर फोन सुखात असला की तो घरच्या नेटवर्कचा शोध ठरावीक काळानेच घेतो. हा काळ सिममध्ये सहा मिनिटांच्या पटीत लिहिलेला असतो, आणि काहीच लिहिलं नसेल तर तो साठ मिनिटं धरतात. सिम मागवतानाच पुरवठादाराला सहा मिनिटं लिहायला सांगा. नंतर बदलणं फार कष्टाचं. घाईत असलेल्याने फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकून परत काढावा.

लिफ्टसाठी खोटी आशा देऊ नका. पिंजऱ्यात रेंज हवी असेल तर लिफ्टच्या विहिरीत वेगळी अँटेना लागते, आणि तिथलं काम लिफ्टची देखभाल करणाऱ्यांनाच करू द्यावं.

परका फोन

खासगी नेटवर्क टाकणारे याकडे सर्वात कमी लक्ष देतात आणि नुकसान मात्र पाहुण्यांचं होतं. तळमजल्यावर बाहेरची रेंज नाही अशा जागी पाहुण्याचा फोन हताश होऊन तुमच्या नेटवर्कला विचारतो. तुमचा सर्व्हर नकार देतो. प्रश्न असतो तो कारण कोणतं सांगतो याचा, कारण नकारासोबत एक क्रमांक जातो आणि फोन त्या क्रमांकाप्रमाणे वागतो.

क्रमांक ११ गेला, "या नेटवर्कवर तुला परवानगी नाही", तर फोन तुमचं नेटवर्क निषिद्ध यादीत टाकतो आणि पुन्हा विचारत नाही. हेच हवं. क्रमांक ३ किंवा ८ गेला, म्हणजे "तू बेकायदा आहेस" किंवा "तुला कसलीच सेवा नाही", तर बरेच फोन स्वतःचं सिमच बाद झालं असं समजतात. माणूस बाहेर रस्त्यावर जातो, समोर टॉवर असतो, तरी फोन बंद करून चालू करेपर्यंत त्याला नेटवर्क मिळत नाही. नव्या फोनांत यावर काही बचाव आहे, पण सगळे फोन नवे नसतात. विक्रेत्याकडून नकाराचे क्रमांक लेखी घ्या आणि अनोळखी सिमला ११ जातो याची खात्री स्वतः बेरेंज जागी एखादा परका फोन नेऊन करा. नेटवर्क फक्त ठरावीक गटासाठीच आहे असं आधीच जाहीर करण्याची सोयही यंत्रांत असते, ती चालू ठेवा.

याच निषिद्ध यादीचा फटका तुमच्याच माणसाला बसू शकतो. त्याचं सिम सर्व्हरमध्ये भरण्याआधीच त्याने फोनमध्ये घातलं, नकार मिळाला, आणि नंतर सगळं बरोबर असूनही फोन आपणहून जोडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडायचं, की गाठ सुटते. म्हणून क्रम पाळा: आधी नोंद, मग सिम वाटप.

आणीबाणीचा कॉल

इथे "बहुधा चालेल" चालत नाही. आणीबाणीचा नंबर फिरवला की फोन मिळेल त्या नेटवर्कवरून लावतो. तुमचं बेस स्टेशन आणि सर्व्हर दोघंही फोनला सांगत असतात की आम्ही असे कॉल घेतो की नाही. ते जे सांगतात ते खरं असलं पाहिजे. घेतो म्हणून सांगितलं आणि कॉल पुढे पोचवायची वाट नसेल, तर माणूस संकटात असताना फोन चुकीच्या दारात उभा राहील. वाट नसेल तर "घेत नाही" असंच जाहीर करा, म्हणजे फोन बाहेरचं नेटवर्क शोधेल.

बाहेरची रेंज मुळीच नाही अशा तळघरात मात्र वाट असलीच पाहिजे, आणि कॉलसोबत इमारतीचा पत्ता आणि मजला जाईल अशी सोय हवी. एसआयपी अॅपमधून हा नंबर फिरवला तर काय होतं तेही बघा. चाचणीसाठी सरळ आणीबाणीचा नंबर फिरवू नका. टेलिफोन सेवा देणाऱ्याशी बोलून वेळ ठरवा. आणि त्या तळघरात भिंतीवरचा तारेचा फोन काढू नका.

चालू करण्याआधी आणि नंतर

सुरुवात दहा-बारा जणांपासून करा, आणि त्यांत दिवसभर फिरणारे जास्त घ्या. टेबलाशी बसणाऱ्यांकडून काहीच कळणार नाही. त्यांच्यासमोर एक चाचणी कराच: इंटरनेटची केबल काढा आणि दोन फोनांत आतल्या आत कॉल लावा. लागला नाही तर तुमच्या नेटवर्कचा सर्व्हर खरं तर कुठेतरी दूर, विक्रेत्याच्या डेटा सेंटरमध्ये आहे. तसं असायला हरकत नाही, पण ते खरेदीआधी कळायला हवं.

नेटवर्कला कोणता फोन कोणत्या बेस स्टेशनखाली आहे हे सतत कळत असतं. म्हणजे कोण किती वेळ कुठल्या मजल्यावर होतं याची नोंद आपोआप तयार होते. कोणती नोंद ठेवणार, किती दिवस, कोण बघू शकेल, हे सिम वाटण्याआधी लिहून सगळ्यांना द्या. हजेरी तपासायला ती वापरायचा मोह वरिष्ठांना होईल. तेव्हा हा कागद तुमच्या हाती असला पाहिजे. माझ्या मते दुरुस्तीला लागतील तेवढ्याच दिवसांची नोंद ठेवावी आणि बाकी पुसावी.

कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी सर्व्हरवरून सिम बंद करा, ते परत आलेलं असो वा नसो. फोन हरवला तर तासाभरात. भिंत नवी उभी राहिली, मोठं लोखंडी कपाट हललं, काच बदलली की दाराशी आणि जिन्यात पुन्हा मोजणी करा आणि जुन्या नकाशावर नवे आकडे वेगळ्या रंगाने लिहा. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि बेस स्टेशनची ताकद, जागा आणि पट्टा परवान्यात लिहिल्याप्रमाणेच आहेत हे त्या वेळी यंत्रावर उघडून पडताळा.